पऱ्हाटीची खोली

कुणी घरी येणार असलं की आधी खिडक्या उघडायच्या, हा सुहासिनीबाईंच्या घरचा कायदा होता. बडोद्याच्या मराठी घरांत खिडकीला सर्रास बारी म्हणतात, आणि "बाऱ्या उघडा रे" ही त्यांची सकाळची पहिली हाक असायची. माहेर जुन्या राजवटीतल्या एका कारकुनाचं. तिथे ऐश्वर्य कधीच नव्हतं, पण पाहुण्याला कोंदट खोलीत बसवणं म्हणजे स्वतःचा मळ चारचौघांत दाखवणं, हे आईनं त्यांच्या मनावर लहानपणीच बिंबवलं होतं. लग्न होऊन बडोद्याच्याच समा भागातल्या सोसायटीत तीन खोल्यांत आल्या, तरी हा तोरा गेला नाही. शेजारच्या बायका हसून म्हणत, "सुहासिनीबेनने घेर तो भगवानेय चंपल काढीने आवे." देवसुद्धा चपला काढून येतो, ही थट्टा बाईंना मनापासून आवडायची.

नवरा मुकुंद, शहराबाहेरच्या एका नव्या विद्यापीठात तंत्रज्ञ. त्याच्या विभागाला पर्यावरणाचं वेड होतं आणि ते वेड चांगलं होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. कापूस वेचून झाला की डभोई-करजणकडच्या शेतांत पऱ्हाट्या नुसत्या जाळून टाकतात, धुरानं आभाळ काळवंडतं. या लोकांनी त्या पऱ्हाट्या दळल्या, त्यात चिकटवणी घातली आणि गरम यंत्रात दाबून त्याचे प्लायवुडसारखे तक्ते काढले. झाड तोडायला नको, धूर करायला नको. ते दाबयंत्र मुकुंद चालवायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा डोळे लाल असायचे, पाणी गळत असायचं. धूळ आहे, म्हणायचा, आणि चहा प्यायचा.

सुरुवातीला चिकटवणी वनस्पतीची होती. पण पावसाळ्यात तक्ते फुगले, त्यांचे पापुद्रे सुटले. मग प्लायवुडवाले वापरतात ती बाजारातली राळ त्यात थोडी मिसळायला लागले. थोडीच, म्हणून तिचा कुणी बोभाटा केला नाही. नाव पऱ्हाटीचंच राहिलं. आगीतून निघून फुफाट्यात पडावं आणि वर फुफाट्याला शेत म्हणावं, तसला प्रकार. मुकुंदही शेवटपर्यंत लोकांना सांगायचा, "नुसती पऱ्हाटी आहे हो, शेतातली." तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते तसंच वाटत होतं.

विभागात एक चाल होती. दसऱ्याला दाबयंत्राची पूजा व्हायची, झेंडूचा हार, कुंकू, मग सगळ्यांना फाफडा-जलेबी. आणि वर्षभरात कोपरा वाकला, कड तुटली म्हणून बाजूला पडलेले तक्ते त्या दिवशी मंडळींनी प्रसादासारखे घरी न्यायचे. कुणी शेल्फ करायचं, कुणी चपलांचं कपाट. मुकुंदनं वर्षानुवर्षं तक्ते साठवले. निवृत्त झाला, त्याच सुमारास नात झाली, ओवी, आणि त्यानं मागची लहान खोली तिच्यासाठी सजवायला घेतली. भिंतींना तक्ते, कपाटाला तक्ते, पलंगाच्या खालची पेटीसुद्धा तक्त्यांची. स्वतः रंधा मारला, स्वतः कडा घासल्या. ओवीला ती खोली देऊन वर्ष झालं नसेल, तो एका सकाळी आंघोळ करून उठला आणि न्हाणीच्या दारातच कोसळला. हृदय, डॉक्टर म्हणाले. सुहासिनीबाई कितीतरी महिने त्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या. त्यांना त्यात नवरा सापडायचा, आणि त्यात चूक काय होती?

ओवीला धाप लागायला लागली ती हळूहळू. आधी सर्दी, मग खोकला, मग छातीत शिट्टी. समाकडच्या लोकांच्या हाताशी अशा वेळी एक आयतं उत्तर असतं: वारा फिरला की कारखान्यांच्या बाजूनं वास येतो. म्हणून थंडीत सगळेच संध्याकाळी बाऱ्या लावून घेतात. सुहासिनीबाईंनीही ओवीची बारी घट्ट लावायला सुरुवात केली, फटीत कापड कोंबलं. पोरीला बाहेरचं वारं लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होत्या, आणि ती जितकी जपली जाई तितकी जास्त खोकत होती.

शंका पहिल्यांदा सुनेला आली. आकांक्षा बोलायला फटकळ होती, पण डोकं ठिकाणावर असलेली मुलगी. ओवी शहरातच अकोटा भागात, आजोळी चार दिवस राहिली की बरी असते, हे तिनं हेरलं. एकदा जेवताना ती म्हणाली की ते तक्ते काढून टाकू या. सुहासिनीबाईंनी ताट पुढे सारलं. मुलगा सलील मध्ये पडला. बाबांच्या विभागातली कौमुदी आता हवेवरच संशोधन करतेय, ज्यांनी ज्यांनी हे तक्ते नेले त्यांच्या घरांतली हवा मोजतेय, तिलाच बोलावतो, असं त्यानं ठरवलं. तक्त्यांतल्या राळेतून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू हळूहळू सुटतो का, हे तिला पाहायचं होतं. हवा चांगली निघाली तर खोली राहील, वाईट निघाली तर भिंती उघड्या करू. दोघींनाही ते पटलं.

कौमुदीनं फोनवर सलीलला बजावलं होतं की आदल्या संध्याकाळपासून खोली बंद ठेवा, आत कुणी झोपू नका, उदबत्ती-धूप नको. सलीलनं ते आईला सांगितलं. सुहासिनीबाईंनी सगळं पाळलं. ओवीला आपल्याजवळ घेऊन निजल्या, देवापुढची उदबत्तीसुद्धा त्या दिवशी लावली नाही. सकाळी सलील कामावर गेला, आकांक्षा ओवीला शाळेत सोडायला गेली. सुहासिनीबाईंनी खोलीचं दार उघडून पाहिलं, आणि आतला बंद वास तोंडावर आला.

यांच्या विभागातली मुलगी. यांना काका म्हणणारी. पहिल्यांदा घरी येणार, यांनी केलेली खोली बघणार, आणि तिला असल्या कुबट वासात बसवायचं? त्यांनी बारी उघडली, पंखा लावला, ओल्या फडक्यानं फरशी पुसली, भिंतींवरून कोरडं फडकं फिरवलं. खोलीनं मोकळा श्वास घेतला. कौमुदीची स्कूटर फाटकाशी वाजली तशी त्यांनी बारी पुन्हा लावली, कारण बंद ठेवायला सांगितलं होतं ना. रात्रभर तर बंदच होती, थोडी हवा खेळली म्हणून काय बिघडतं, असं त्यांना वाटलं. मनाच्या तळाशी आणखी काही वाटलं का? वाटलंही असेल. नवऱ्याची खोली पास व्हावी असं कुठल्या बायकोला वाटणार नाही?

कौमुदीनं विचारलं, खोली रात्रभर बंद होती ना काकू? त्या हो म्हणाल्या. तिनं आणलेला हवा मोजायचा छोटा पंप घरघरत राहिला, नळीतून हवा ओढत राहिला. सुहासिनीबाईंनी तिला पोहे केले, मुकुंदच्या आठवणी सांगितल्या. काही दिवसांनी निकाल आला: मर्यादेच्या पुष्कळ आत. त्या संध्याकाळी त्या आकांक्षाला एक वाक्य जास्तच बोलल्या. माणूस गेल्यावर त्याच्या हाताच्या कामावर संशय घ्यायचा नसतो, म्हणाल्या. आकांक्षा उठून भांडी आवरायला गेली. ओवी पुन्हा आपल्या खोलीत झोपायला लागली.

त्या थंडीत, पौषात, ओवीचे ओठ निळे पडले.

दवाखान्यात तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून ती पडली होती, बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरांनी घराची चौकशी केली: नवा रंग, नवं फर्निचर, काही? आणि उत्तर द्यायची वेळ आकांक्षावर आली. "मशीन लावून मोजलंय, सर," ती खालमानेनं म्हणाली, "खोली स्वच्छ आहे." सुहासिनीबाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. तेव्हासुद्धा त्यांना काही उमगलं नव्हतं, त्या देवाचं नाव घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी कौमुदी भेटायला आली. ओवीकडे बघून तिचाच चेहरा उतरला. बाहेरच्या बाकावर बसून ती सलीलला सांगत होती की बाकीच्या सगळ्या घरांतले आकडे वाईट आलेत, एक तुमचंच घर चांगलं. त्यामुळे विभागात आता असं म्हणायला लागलेत की तक्ते जुने झाले की निर्धोक होतात. "मला कळतच नाहीये," ती म्हणाली. "एक जरी बारी तासभर उघडी राहिली तरी आकडा पडतो, पण तुमची खोली तर रात्रभर बंद होती." सलील म्हणाला, हो, बंद होती. सुहासिनीबाईंना त्या सकाळी उघडलेली बारी आठवली. समोर आकांक्षा उभी होती. त्या दिवशी त्यांची जीभ उचललीच नाही.

ती रात्र त्यांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. बोलावं तर यांचं नाव मातीत जाणार, सून जन्मभर तोंडाकडे पाहणार नाही. न बोलावं तर पोर बरी होऊन घरी येणार आणि त्याच पलंगावर निजणार. सकाळी डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. मग मात्र त्या थांबल्या नाहीत. रिक्षा करून थेट विद्यापीठात गेल्या आणि कौमुदीच्या टेबलासमोर उभ्या राहूनच सगळं सांगून टाकलं.

कौमुदीनं त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. रागावली नाही, त्यानं बाईंना जास्तच लागलं.

"काकू, मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस. पण अगं, तू पहिल्यांदा घरी येत होतीस. तुला कोंदट खोलीत कशी बसवणार होते मी?"

सलील आणि आकांक्षाला त्यांनी स्वतःच सांगितलं. आकांक्षानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं ओवीला दवाखान्यातून परस्पर अकोट्याला नेलं. सलीलही मागोमाग गेला. पोरीच्या छातीला आता ही जन्माची सोबत असेल, पळताना, हसताना श्वासाच्या औषधाचा पंप जवळ ठेवावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नुसत्या तक्त्यांनी झालं असं ते म्हणाले नाहीत, पण तक्त्यांनी नक्की वाढलं, एवढं म्हणाले.

कौमुदी पुन्हा मोजायला आली तेव्हा सुहासिनीबाईंनी कशालाच हात लावला नव्हता. रात्रीचा सगळा वास त्या खोलीत जसाच्या तसा होता. आत पाऊल टाकताच दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि बाईंना लाल डोळ्यांनी चहा पिणारा नवरा समोर दिसला. वर्षानुवर्षं तो हेच छातीत भरून घरी येत होता, आणि त्या त्याला धूळ पुसायला रुमाल देत होत्या. आकडा आला तो मर्यादेच्या कितीतरी वर होता. सुताराला बोलावून त्यांनी सगळे तक्ते काढवले. मागच्या भिंती उघड्या पडल्या, खिळ्यांच्या भोकांनी भरलेल्या. ओवी त्या घरात परत आली नाही, आणि या आजीला तिला बोलवायचं तोंड राहिलं नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कौमुदी तिचा शोधनिबंध पूर्ण करून आली. त्यात लिहिलं होतं की या राळेचे तक्ते बंद, निजायच्या खोलीत वापरू नयेत, चिकटवणी पुन्हा वनस्पतीचीच शोधली पाहिजे. शेवटी ऋणनिर्देशात मुकुंदकाकांचं नाव होतं. तक्ते बहुतेक त्यांच्याच हातचे होते, म्हणून. पण आता काकूंना ते नको असेल तर काढते, असं ती चाचरत म्हणाली.

सुहासिनीबाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "असू दे," म्हणाल्या. "त्यांनी मन लावून केलं होतं. आणि ओवीचं नाव कुठे आहे?"

कौमुदीनं पान उलटून दाखवलं. संशोधनात आजारी माणसाचं नाव लिहीत नाहीत, तिनं समजावलं, नुसती नोंद करतात. तिथे लिहिलं होतं: एका घरातील सहा वर्षांची मुलगी, पहिली मोजणी बाद.

"बाद का, ते लिहिलं नाहीस?" बाईंनी विचारलं.

कौमुदीनं खालची टीप दाखवली. खोली हवेशीर केल्यामुळे, एवढंच लिहिलंय, म्हणाली. कुणी केली ते लिहायची गरज नसते.

"लिही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आजीनं केली, असं लिही."