ढवळ्याचं आवतन

या सदरातल्या पांढऱ्या साड्या, पैंजणं आणि वडावरून खाली उतरणाऱ्या बाया वाचून मी आजवर फक्त हसत आले. भुतांना दुसरा उद्योग नसतो का, हा माझा जुना प्रश्न. आता मीच इथे लिहितेय, याची सगळ्यात जास्त लाज मलाच वाटतेय... पण लिहिते.

मी नागपूरला शिल्पकला शिकते. गाव सौंसर तालुक्यात, लोधीखेड्याजवळ. घरी संत्र्याचा बगीचा आणि थोडी कपाशी. पहिलं मोठं शिल्प करायचं होतं आणि सर रोज तीच टेप लावायचे — "आतून आलं पाहिजे!" त्यांच्या आतून गेल्या कित्येक वर्षांत काही आलेलं नाही, ते सोडा. वर्गातल्या एकाने चार सळया वाकवून त्याला 'माणसाचं एकटेपण' असं नाव दिलं, तर सरांचे डोळे पाणावले. मला काहीच सुचत नव्हतं. पोळ्याला घरी आले ती चिडूनच.

घरी वेगळंच नाटक. आमचा शेवटचा बैल, ढवळ्या, उन्हाळ्यात गेला. बाबा तेव्हा पांढुर्ण्याला आत्याकडे लग्नाला गेले होते. परत आले तेव्हा दावं नुसतं लटकत होतं. त्यानंतर त्यांनी गोठ्यात पाऊल टाकलं नाही. ढवळ्या होता तोवर रोज संध्याकाळी ते बादली घेऊन गेले की ढवळ्या आधी त्यांचा रिकामा डावा हात चाटायचा, मगच पाण्याला तोंड लावायचा.

"माह्यावर रागावून गेला थो," एवढंच बाबा म्हणायचे. जेवण अर्ध्यावर आलं होतं, सदरा अंगावर लोंबत होता. यंदा पोळा करायचा नाही म्हणतात, असं आईने सांगितलं. एका जनावरापायी इतकं? मला कीवसुद्धा येत नव्हती, नुसती चीड येत होती.

गोठा रिकामा होता म्हणून मी तिथे काम मांडलं. समोर दावं दिसलं, तेवढीच माझी प्रेरणा. एक बैल करायचा, सरांच्या तोंडावर मारायचा आणि मोकळं व्हायचं. सळया-तारेचा सांगाडा उभा केला, बोरगावहून आणलेली माती थापली. डोकं, मान, वशिंड, खांदा... सगळं खऱ्या मापाचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस मावळताना बाबा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय करून राहिली वो?"

"प्रोजेक्ट आहे, बाबा."

मग "थांब" म्हणाले आणि वाटीत तूप-हळद घेऊन आले. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. बाबा मातीच्या खांद्याला तूप चोळायला लागले!

"बाबा, तुपाने वरची माती धरणार नाही!" मी ओरडले.

"धरते, धरते." दोन्ही हातांनी चोळत ते मातीच्या कानाशी वाकले. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मग आवाज फाटला. "मी नोतो रे तवा घरी..."

मी तोंड फिरवून हसले. खरंच हसले.

माती तडकू नये म्हणून मी शिल्पाला ओली गोणपाटं गुंडाळली, वरून प्लास्टिक, त्यावर सुतळीच्या गाठी. गोठ्याला कुलूप. किल्ली माझ्या उशाखाली.

सकाळी कुलूप होतं, गाठी जशाच्या तशा होत्या. सोडून बघितलं... खांद्यावर ना तूप, ना हळदीचा डाग. मातीवर लांब, खरखरीत फराटे. शेजारची गाय शिरली असेल, असं आई म्हणाली. हो ना! गायीने कुलूप उघडलं, गाठी सोडल्या, चाटलं आणि परत माझ्यासारख्याच गाठी मारल्या.

बाबांना विचारायला गेले तर ते ओसरीत बसून स्वतःचे हात बघत होते. उजवा अजून पिवळा. डावा स्वच्छ, आणि पॉलिश पेपर घासल्यासारखा लाल.

"झोपेत ओलं लागलं वो हाताले," म्हणाले आणि रडायला लागले. मग आईला पुरण शिजवायला सांगितलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

साचा काढला, प्लास्टरमध्ये शिल्प ओतलं, कॉलेजात नेलं. परीक्षक खांद्यापाशीच थांबले. "काय टेक्स्चर आहे! टूल कोणतं?" मी "तारेचा ब्रश" असं ठोकून दिलं. सर कृतार्थ होऊन म्हणाले, "बघा, आतून आलं!" नंतर मी तारेचा ब्रश वापरून पाहिला, नारळाची शेंडी वापरून पाहिली, ओल्या मातीला मीठ लावून ती शेजारच्या गायीलाही चाटायला दिली. तसे फराटे येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हळदीची ॲलर्जी. एकाच हाताला? यावर त्यांनी मलम लिहून दिलं.

ते प्लास्टरचं शिल्प आता गोठ्यातच असतं. पुढच्या पोळ्याला बाबांपाठोपाठ मीही त्याचा खांदा चोळला, आवतन दिलं — केवळ प्रयोग म्हणून — आणि डावा हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपले. सकाळी माझे दोन्ही हात पिवळेधमक. अपमान झाल्यासारखं वाटलं, हे खरं.

बाहेर आले तर बाबा चहा पीत होते. डावा हात त्यांनी टॉवेलखाली लपवला होता, मला वाईट वाटू नये म्हणून.