किल्लीच्या कडीतली दांडी

डेपोतले लोक माझ्या वहिनींना नळीबाई म्हणतात, अर्थात त्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावरून. बसच्या इंजिनात आग आपोआप विझवणारी यंत्रणा बसवणं हा त्यांचा धंदा. इंजिनाभोवती दाबाची एक प्लास्टिकची नळी फिरवलेली असते. आग लागली की ती फुटते, दाब सुटतो आणि मागच्या दाराजवळच्या टाकीतली पावडर थेट इंजिनावर जाऊन पडते. ड्रायव्हरने काहीच करायचं नसतं. “म्हणूनच तर तुमच्यासारख्यांच्या बसला बसवते,” असं त्या मला तोंडावर सांगतात. मी ड्रायव्हर आहे.

पण गरम पाण्याच्या फवाऱ्याने इंजिन धुताना दोन बसमधल्या नळ्या फुटल्या. धुणारे काका डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले आणि मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. मग वहिनींनी नियम केला : धुण्याआधी टाकीचा कॉक बंद करायचा आणि स्टिअरिंगला लाल पट्टी बांधायची. ड्रायव्हरने कॉक उघडला की मगच पट्टी सोडायची.

मॅनेजरांचं समाधान होईना. “भंगारातल्या बसला आग लावून दाखवा. नाही विझली तर सगळ्या नळ्या उतरवतो.”

“दाखवते की!” वहिनी म्हणाल्या.

मला मात्र धास्ती होती. इंजिनाला खेटून मी बसतो, मॅनेजर नव्हे.

ठरल्या दिवशी अख्खा डेपो जमला, शिवाय मॅनेजरांनी बोलावलेले पाहुणेही. मेकॅनिकने इंजिनात तेलाचा बोळा पेटवला. ज्वाळा वर आल्या, धूर झाला, पण पावडरीचा पत्ता नाही. कुणीतरी खुसखुसलं. मी वहिनींकडे पाहिलं, तर त्या समोरच्या काचेतून आत पाहत होत्या. स्टिअरिंगला लाल पट्टी होती!

मागच्या दाराने त्या आत शिरल्या आणि त्यांनी कॉक उघडला. फस्सकन आवाज झाला आणि आग जागच्या जागी बसली.

“हे आपोआप नाही झालं, तुम्ही केलंत,” मॅनेजर म्हणाले.

“जाळायची बस आंघोळ घालून कुणी आणली?”

पाहुण्यांसमोर बरी दिसावी म्हणून मॅनेजरांनीच ती धुवून घेतली होती. काकांनी नियम अगदी मनापासून पाळला होता. ती पट्टी पाहायला ड्रायव्हरच नव्हता.

“म्हणजे ड्रायव्हर विसरला तर हेच होणार ना?” मॅनेजरांनी विचारलं.

“होणार,” वहिनींनी कबूल केलं. त्या लग्न होऊन घरात आल्यापासून मी हे प्रथमच पाहत होतो. मग त्या म्हणाल्या, “सोमवारपर्यंत थांबा.”

सोमवारी त्यांनी कॉकला नवी दांडी बसवून आणली. कॉक बंद असेल तर ती दांडी निघतच नाही. उघडला तरच हातात येते. आणि बसची किल्ली त्याच दांडीच्या कडीत. कॉक उघडल्याशिवाय किल्ली नाही, किल्लीशिवाय बस नाही. पुन्हा बोळा पेटवला, कुणी कशाला हात लावला नाही, आणि पावडर उडाली. मॅनेजरांनी नळ्या राहू दिल्या. ड्रायव्हरांनी नाकं मुरडली, कारण खिशात ती दांडी टोचते. मीही बरीच कुरकुर केली.

पुढे एकदा भर दुपारी चढावर माझ्याच इंजिनाने पेट घेतला. मी ब्रेक दाबेपर्यंत फस्स झालं होतं. प्रवासी उतरले. एक आजी मला म्हणाल्या, “बस पुसत जा रे जरा, केवढं पीठ हे!” बाकीचे उशीर झाला म्हणून भांडत होते. ते भांडण ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

वहिनी स्कूटरवरून आल्या. आधी त्यांनी फुटलेली नळी पाहिली, मग टाकी. माझ्याकडे बघेचनात.

“किल्ली दाखवा, भाऊजी.”

मी तळहात पुढे केला. दांडी, कडी, किल्ली, सगळं जागेवर होतं. किल्लीसकट माझा हात त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“ह्यांना फोन तुम्हीच करा,” त्या म्हणाल्या. “माझा आवाज नीट निघायचा नाही.”