चौघांत एक बॅग

पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी मला बॅग घेऊन दिली. लॅपटॉपला वेगळा कप्पा, बाटलीला वेगळा, आणि पाठीला वारा लागावा म्हणून मागे जाळी. लॅपटॉप आमच्या घरात नव्हता, पण कप्पा होता. वडील बँकेत असल्यामुळे त्यांचा भविष्यावर विश्वास होता. ती बॅग मी जेमतेम आठवडाभर पाठीला लावली. तेवढ्यात मला कळून चुकलं, की आमच्या पनवेलच्या कॉलेजात मुलगा बॅग घेऊन आला की त्याचा एकच अर्थ काढला जातो: याला अभ्यास करायचाय. आता अभ्यास तर थोडाफार सगळ्यांनाच करायचा होता, पण तो असा चारचौघांत पाठीवर घेऊन फिरणं बरं दिसत नाही.

मुलींचं बरं होतं. त्यांच्या बॅगा गच्च भरलेल्या असत आणि त्यावरून त्यांना कोणी हसत नसे. वह्या, डबा, छत्री, चार्जर, सेफ्टी पिना, डोकेदुखीची गोळी, आणि वर्गातल्या तमाम मुलांना पुरतील एवढी पेनं. मुलं येत ती मोबाईल आणि मागच्या खिशात दुमडलेली एक वही घेऊन. त्या एका वहीत फिजिक्सपासून इंग्रजीपर्यंत सगळे विषय गुण्यागोविंदानं नांदत. दिवाळीपर्यंत वहीवर इतकं बसून झालेलं असे, की ती टेबलावर सरळ पडायलाच तयार नसे.

पण केमिस्ट्री मागच्या खिशात मावत नाही. लॅबमध्ये पांढरा ॲप्रन लागतो, कॅल्क्युलेटर लागतो आणि जर्नल लागतं. म्हणून आम्ही चौघांनी तोडगा काढला: बॅग एकच, आणि ती चौघांची. म्हणजे अभ्यासाचा आळ चौघांत विभागून प्रत्येकाच्या वाट्याला पाव पाव येणार. बॅग अर्थातच माझी निवडली गेली, कारण तिला कप्पे चार होते. एकेक कप्पा एकेकाचा, आणि दुसऱ्याच्या कप्प्यात हात घालायचा नाही, एवढा एकच नियम. तो आम्ही पाळला. कॉलेजचा दुसरा कुठला नियम आम्ही पाळल्याचं मला आठवत नाही.

आम्ही चौघं म्हणजे मी नवीन पनवेलचा, एक खारघरचा, एक उलव्याचा आणि एक पार समुद्रकाठच्या मोऱ्याचा. खारघरचा मोठ्या सोसायटीत राहायचा, आणि आपला मजला बाविसावा आहे हे तो वेळ विचारली तरी सांगायचा. उलव्याच्याच्या घरची जमीन विमानतळासाठी गेली होती. आता त्यांचे डंपर होते, आणि तो कॉलेजात येत होता तो केवळ लग्नाच्या बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून. मोऱ्याचा कोळ्यांचा. आम्ही आमच्याशीच ठरवून टाकलं होतं, की जेट्टीजवळ घर म्हणजे होड्या असणार, होड्या म्हणजे मासळी आणि मासळी म्हणजे पैसा. आम्ही त्याच्याकडे अधूनमधून पापलेटची फर्माईश करायचो. तो “आनतो” म्हणायचा आणि विषय बदलायचा.

त्याची ख्याती मात्र झोपेसाठी होती. पहिल्या लेक्चरला हजेरी दिली की त्याचं डोकं जे बाकावर टेकायचं ते मधल्या सुट्टीलाच वर यायचं. आम्ही त्याचे झोपलेले फोटो काढायचो. डोक्यावर खडू ठेवलेला, कानात पेन खोवलेलं, गळ्यात कुणाच्या तरी आयकार्डाची पट्टी. ग्रुपवर त्यांचा वेगळा अल्बम होता. प्राध्यापकही त्याला कुंभकर्ण म्हणायचे, त्यामुळे आमच्या विनोदाला एक प्रकारची शैक्षणिक मान्यता होती.

बॅग रात्री कोणी घरी न्यायची यावरून सुरुवातीला भांडणं झाली. पाळ्या लावल्या, त्या मोडल्या. तिसऱ्या वर्षी मात्र मोऱ्याचा आपण होऊन म्हणाला, की रोज मीच नेत जाईन. ज्याला सगळ्यात लांब जायचं त्यानंच ओझं मागून घ्यावं, यात आम्हाला त्याचा भोळेपणा दिसला. आम्ही लगेच हो म्हटलं आणि त्याच्या पाठीमागे टाळ्या दिल्या.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जर्नलं जमा करायची असतात. त्यावर सही-शिक्का झाला तर प्रॅक्टिकलला बसू देतात, नाही तर वर्ष गेलं. आमच्यापैकी तिघांचं वर्ष गेलं असतं तर घरी चार दिवस आरडाओरडा झाला असता आणि पुन्हा फी भरली गेली असती. उलव्याच्याच्या घरी तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मोऱ्याच्याचं तसं नव्हतं. यंदा सुटलो तर सुटलो, पुढच्या वर्षी घरून कॉलेजचं नाव काढू देणार नाहीत, असं तो एकदा बोलून गेला होता. एवढं लांबलचक वाक्य त्याच्या तोंडून आम्ही क्वचितच ऐकलं होतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

जमा करायच्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे पनवेलच्या एसटी डेपोत भेटलो. चहा घेतला. बॅग बाकावर होती, बॅगेत चौघांची जर्नलं होती, मुदत बारा वाजेपर्यंतची होती. मग शेअर रिक्षा मिळाली, तिघं मागे आणि एक ड्रायव्हरशेजारी असे कोंबून बसलो आणि कॉलेजच्या फाटकाशी उतरलो. तिथे प्रत्येकानं दुसऱ्याच्या पाठीकडे बघितलं. चार पाठी होत्या आणि चारही मोकळ्या होत्या. एका माणसाची बॅग असती तर ती त्याला आठवली असती. चौघांची होती, म्हणून कोणालाच आठवली नाही.

आम्ही त्याच रिक्षानं परत आलो. डेपोत आमच्या बाकाभोवती मोठं रिकामं वर्तुळ झालं होतं. वर्तुळाच्या कडेनं प्रवासी उभे होते, आणि जीव वाचवायला मागे सरकलेले लोक व्हिडिओ काढायला पुन्हा पुढे सरकत होते. कंट्रोलरूममधून बेवारस वस्तूला हात लावू नये अशी सूचना चालू होती, आणि तिच्या मधोमध अलिबाग गाडीचा फलाट क्रमांकही सांगितला जात होता. बाकाखाली डेपोतलं कुत्रं झोपलं होतं. आख्ख्या पनवेलमध्ये आमच्या बॅगेवर विश्वास ठेवणारं तेवढंच होतं.

आम्ही पुढे झालो, बॅग आमची आहे म्हणालो. तिथले हवालदार बुजुर्ग होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका आणि निराशा दोन्ही दिसली. त्यांनी बॅग काठीनं जरा ढोसली, मग आम्हाला आणि तिला चौकीत नेलं. एका बॅगेचे चार मालक हे त्यांना पटेना. बॅग तुमची असेल तर आत काय आहे ते उघडायच्या आधी सांगा, ते म्हणाले, आणि काढलेली वस्तू सांगितलेल्यांत नसेल तर बॅग साहेब येईपर्यंत इथेच राहील. साहेब केव्हा येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

आम्ही सांगायला लागलो. मी माझं जर्नल, डबा, कॅल्क्युलेटर सांगितला. खारघरच्यानं जर्नल, हेडफोन आणि केसांचं जेल. उलव्याच्यानं जर्नल, डिओ आणि पत्त्यांचा कॅट सांगितला, पत्ते जरा हळू आवाजात. मोऱ्याच्यानं जर्नल सांगितलं आणि ॲप्रन सांगितला, जो चौघांत मिळून एकच होता. “बस?” हवालदारांनी विचारलं. तो बस म्हणाला.

हवालदारांनी एकेक कप्पा उघडला. सांगितल्याप्रमाणे सगळं निघालं, शिवाय दोन वर्षांपूर्वीचा एक समोसा निघाला, ज्याची मालकी कोणी घेतली नाही. मोठ्या कप्प्याच्या तळाशी प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यातून त्यांनी गडद निळा शर्ट बाहेर काढला. नीट घडी घातलेला, खांद्यावर पट्ट्या, दंडावर सिक्युरिटी एजन्सीचा बिल्ला. मग निळी टोपी निघाली, आणि शेवटी दोरीला लावलेली शिट्टी.

“हे कोणी सांगितलं नाही,” हवालदार म्हणाले.

आम्ही तिघं एकदमच बोलायला लागलो. हे आमचं नाहीच, कोणीतरी आत घातलं असणार, गर्दीत काय, कोणीही काहीही घालतं. तीन वर्षं एका बॅगेत राहिलो होतो, एकमेकांचं काही लपलेलं नाही याची आमच्याइतकी खात्री कोणालाच नव्हती. उलव्याचा तर हात जोडून पुढे झाला. “साहेब, आमचा नाय तो. फेकून द्या ना,” तो म्हणाला.

हवालदारांनी शर्ट टेबलाच्या कडेला ठेवला आणि बॅगेची चेन लावायला घेतली. मग बॅग राहू दे इथेच, म्हणाले. मी घड्याळाकडे बघितलं. खारघरचा कोणाला तरी फोन लावत होता. मोऱ्याचा शर्टाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच पूर्ण जागा बघितला.

“माजा हाय,” तो म्हणाला.

हवालदारांनी विचारलं, कुठे ड्युटी. तो म्हणाला, खारघरला, रात्रीची. किती दिवस? गेल्या पावसाळ्यापासून. हवालदारांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. ते वाईट माणूस नव्हते, पण सकाळपासून त्यांचा एक बॉम्ब फुकट गेला होता. बॅग त्याच्या हातात देताना ते म्हणाले, “दुसऱ्यांच्या बिल्डिंगा राखतोस, आणि स्वतःची बॅग राखता येत नाही होय रे?”

आणि आम्ही हसलो. मी ते लपवत नाही, कारण त्याला काही इलाज नव्हता. तीन वर्षांत त्याच्यावर कोणी विनोद केला की हसायचं हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. तोही हसला. मग त्यानं शर्ट उचलला, पुन्हा घडीवर घडी बसवून पिशवीत घातला, टोपी ठेवली, शिट्टीची दोरी गुंडाळली आणि बॅग पाठीला लावली.

जर्नलं वेळेत जमा झाली. ऑफिसातल्या बाईंनी चौघांच्या जर्नलमधल्या चुकाही एकसारख्याच आहेत असं म्हणत शिक्के मारले. मोऱ्याच्याच्या जर्नलवर शिक्का पडला तेव्हा त्यानं श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. त्याचं वर्ष वाचलं होतं, म्हणजे खरं तर आनंदाचा दिवस होता. आम्ही कॅन्टीनला गेलो. मला वाईट वाटत होतं, रागही येत होता, आणि राग त्याचा येतोय की आमचा हे ठरत नव्हतं. मोबाईलमधला तो अल्बम मी टेबलाखाली धरून पुसून टाकला. ग्रुपवर तो तसाच राहणार होता, हे मला नंतर सुचलं.

शेवटी मीच विचारलं, की होडीचं काय. तो म्हणाला, होडी आमी दुसऱ्या वर्षाला होतो तवाच इकली. एवढंच. त्यात त्याला सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. उलव्याच्यानं सगळ्यांसाठी मिसळ मागवली, पाव जास्तीचे मागवले, आणि आपल्या साइटवर दिवसाचं काम मिळेल, बापाशी बोलतो, असं तो तिसऱ्यांदा म्हणाला. मोऱ्याचा त्याला तिसऱ्यांदा बरं म्हणाला.

खारघरच्याला मात्र राहवेना. त्याच्या आवाजात थोडं रुसणं होतं, जणू त्याच्या गावात येऊन कोणी त्याला न भेटता गेलं होतं. “खारघरला आहेस आणि मला सांगितलं नाहीस? कुठल्या बिल्डिंगला?”

“तुज्याच.”

खारघरचा हसायला लागला. शक्यच नाही, तो म्हणाला. रोज रात्री क्लासवरून मी त्याच गेटनं येतो. बाईक थांबवतो, गेट उघडेपर्यंत उभा असतो. मी ओळखलं नसतं का तुला?

मोऱ्याचा पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत होता. त्यानं तो नीट भिजू दिला, खाल्ला, आणि मग त्याच्याकडे बघितलं. आवाजात तक्रार नव्हती. तशी असती तर आम्हाला बरं वाटलं असतं.

“पयले टोपी खाली ओडायचो,” तो म्हणाला. “मंग समजलं, गरज नाय.”