मिशीचा ब्रेक आन् पेंढारकर साहेबांचे रविवार

पैज लावा माझ्यासंगं! आता जे सांगनार हाय, त्यात शेवटी कोन कुनाला फसवतंय ते आदीच सांगून दाखवा. चुकनार तुमी!

सायकलीचा ब्रेक दाबला की रबराची काळी भुकटी रिमवर बसती. रोज जराजरा. पुसायला जावं तर फडकं काळं! लखनौचे किस्से माझ्यात तसेच बसल्यात बगा.

मी कराडकडचा. ट्रकवर क्लीनर म्हनून गेल्तो. लखनौच्या सरोजिनी नगरापाशी ट्रक बंद पडला, आन् मी जो उतरलो तो बारा वर्सं तितंच! महानगर म्हनून तितला एक भाग, तितं नन्हे उस्तादांचं सायकलीचं दुकान हुतं. त्यांच्या हाताखाली मिस्त्री झालो.

*

तवर समद्या काळ्या सायकली. सळीचा ब्रेक. नव्वदनंतर जाड्या टायरच्या सायकली यायला लागल्या. त्यांच्या चाकाच्या दोनी बाजूला एकेक दांडी बाहेर आलेली, मदी तार ताणलेली. तार वर वडली की दोनी दांड्या रिमवर रबर दाबायच्या. कँटिलिव्हर म्हनं!

उस्तादांनी पहिल्यांदा बगितलं. चष्मा पुसला, परत बगितलं. म्हनले, "मियाँ, ये ब्रेक नहीं है. साइकिल ने मूँछें रख ली हैं!"

झालं! तवापास्नं गिऱ्हाईक बी म्हनायचं, "भैया, ज़रा मूँछ कस दीजिए!"

*

उस्तादांचा जीव सळीवर. मी मिशीच्या बाजूनं. भांडान रोजचं. शेवटी ठरलं, शर्यत लावायची. लखनौ म्हंजे ताटासारखं सपाट, उतार आनायचा कुटनं? रेल्वेच्या पुलाचा उतार तेवडा एक. सकाळचा रिकामा रस्ता, खाली खडूची रेघ मारली. रेघंवर ज्याची सायकल थांबंल तो जिंकला.

मी आदीच उस्तादांच्या रिमला खोबरेल चोपडलं हुतं!

मी रेघंवर थांबलो. उस्ताद रेघ सोडून पुडं, आमच्या चहावाल्याला सोडून पुडं, सरळ पानाच्या टपरीपाशी जाऊन टेकले. आमी हसून बेजार. उस्ताद शांतपनी उतरले, टोपी सरळ केली आन् म्हनले, "हम तो पान लेने आए थे. ब्रेक की बात आप लोग जानिए!"

*

पेंढारकर साहेब म्हंजे इंदिरा नगरात राहनारे, मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. पहिल्यांदा आले ते फूटपट्टी घेऊन! मिशीची तार खाली घेतली की ब्रेक घट्ट धरतो, वर घेतली की मऊ पडतो. साहेब पट्टीनं मोजनार, वहीत लिवनार. "भैया, दो मिलीमीटर नीचे." मी खाली घ्यायचो. "अब आधा ऊपर." मी वर. तासभर हेच! मला तर पाना त्यांच्याच हातात द्यावासा वाटला.

मग ते वाकून आपल्याशीच पुटपुटले, "जरा तिरकं झालंय."

माझा हात थांबला. आट म्हैने कुनी माझ्यापुडं मराठीत एक अक्षर बोललं न्हवतं. म्हन्लं, "कुटं तिरकं हाय, साहेब?"

त्यांनी मान वर केली. "अहो, तुम्ही कुठले?"

"कराड! तुमी?"

"मी वाईचा! अहो, म्हणजे शेजारीच की!"

मग काय! दोगं एकाच वक्ताला बोलायला लागलो, हात उडवत, मोट्यानं. उस्ताद आतनं पळत आले. "अरे अरे, झगड़ा किस बात का है?"

*

आता माझी चोरी सांगतो.

ब्रेकचं रबर बसवताना मागच्या टोकाला पोस्टकार्डाचा तुकडा घालून कसायचं असतं. मग पुडचं टोक आदी टेकतं, ब्रेक गप ऱ्हातो. कार्ड न्हाई घातलं, तर चार दिसांनी कुत्र्याचं शेपूट तुडवल्यागत वरडतो. साहेबांच्या सायकलीला मी कदी कार्ड घातलंच न्हाई!

दर रविवारी साहेब हजर. "बबनराव, परत वाजतोय हो."

"वाजनारच साहेब, परदेशी मिशी हाय. बसा!"

मला ब्रेकचं काय पडलं हुतं? मला तासभर मराठी मिळायची. वाईची हळद, कराडचा ऊस, ठेचा, घेवडा. त्या तासावर मी पुडले सात दिस काडायचो. सोमवारपास्नं परत "हाँ भैया, जी भैया".

त्यांच्या घरी बी तीच गत. लेकीला मराठी कळायची, पन बोलनार हिंदीच. साहेब गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबायचे, तो आवाज ऐकून वहिनी चहा टाकायच्या. लेक आतनं वरडायची, "मम्मी, पापा चिल्लाते हुए आ रहे हैं!"

*

दोन वर्सं असं चाललं. मग भायेर बोलवा झाली, की नन्हे उस्तादांच्या दुकानात एक ब्रेक दोन वर्सांत नीट होईना. उस्तादांची इज्जत गेली की! एका रविवारी मी तापानं पडलो हुतो, तवा त्यांनी सोताच्या हातानं कार्ड घालून रबर कसलं. मला म्हनले, "दस मिनट का काम था, बबन. अब ये ज़िंदगी भर नहीं बोलेगा."

माझे रविवार गेले की! पन तक्रार कुनाकडं करू? मीच ती चोरी केलेली.

पुडच्या रविवारी मी दाढी करून बसलो. साहेब आले न्हाईत. त्याच्या पुडच्या रविवारी बी न्हाईत. कुटं बी ब्रेक वाजला की मान वळायची. जावं का इंदिरा नगरात? जाऊन काय सांगू, मी कोन त्यांचा? मिस्त्री! उस्ताद म्हनले, "किसका इंतज़ार है?" म्हन्लं, "किसी का नहीं."

तिसऱ्या रविवारी लांबनं आवाज आला. तोच! शेपूट तुडवल्यागत!

साहेब सायकल हातात धरून आले. डाव्या हातानं. उजव्या अंगठ्याला ही मोटी पट्टी, आन् पट्टीवर काळं ग्रीस.

"बबनराव, परत वाजतोय हो."

मी खाली वाकलो. रबराच्या नटावर पकडीचे दात उमटल्याले. पाना लावनाऱ्या मिस्त्रीचं काम न्हवतं ते. दांडीची स्प्रिंग सुटून उलटी लागलेली.

"कुनी हात लावला का, साहेब?"

"नाही बुवा. आपोआप."

"आन् अंगठा?"

"तो... दारात सापडला."

उस्तादांनी नट बगितला, अंगठा बगितला, माझ्याकडं बगितलं. पाना उचलला, आन् माझ्या हातात दिला. "कमाल की साइकिल है साहब. आप बैठिए, चाय मँगवाता हूँ."

साहेब बसले. घेवड्याचं बोलनं निघालं.

अंगठ्याचं नख म्हैन्याभरानं गळून पडलं. नवं आलं, पन वाकडं.