केदारखेड्याचा रंगीत तित्तर

सांगलीहून निघताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, "जालन्याला कोण आहे हो तुमचं?" मी म्हणालो, "तित्तर." त्यांनी दार लावून घेतलं.

खोटं बोललो नव्हतो. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटाची एक स्पर्धा आहे. राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात पक्ष्यांच्या शंभर जाती जो आधी पाहील तो जिंकला. नुसता आवाज ऐकून चालत नाही, फोटो लागतो. बक्षीस म्हणाल तर मोबाइलवरच्या गटात नाव सगळ्यात वर लागतं, बाकी काही नाही. तेवढ्यासाठी माझ्या रजा, गुडघे आणि लग्नाचं वय अशा तिन्ही गोष्टी संपल्या. नातेवाइकांनी बोलावणं सोडून दिलं, कारण रविवारी मी कुठल्या तरी तळ्यावर असणार हे त्यांना पाठ झालं होतं. आई होती तोवर घरी गेल्यावर "आज काय दिसलं रे?" असं विचारणारं कोणीतरी होतं.

आता सगळे जिल्हे झाले होते, जालन्यात मात्र गाडी नव्याण्णववर अडली होती. लातूरचे देशमाने नावाचे निवृत्त मास्तर, त्यांचंही घोडं तिथेच अडलं होतं. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण त्यांच्याइतकं कोणाचं नाव मी रोज बघत नाही.

जुन्या जालन्यात धान्याच्या पोत्यांतून आणि दुचाक्यांतून वाट काढत लॉज गाठला. मॅनेजरने माझ्या मागे कोणी आहे का ते वाकून पाहिलं.

"एकटेच आले का? मंग डबल रूम कशाला? फुकट खर्चा."

"सामान आहे," मी म्हणालो. खरं म्हणजे दुसऱ्या पलंगावर मी दुर्बीण, कॅमेरा, टोपी पसरून ठेवतो. रिकामा पलंग मला बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळ सुशीला (मुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा नाश्ता) खाल्ला, दुपारसाठी भाकरी-ठेचा बांधून घेतला आणि केदारखेड्याची गाडी धरली. श्रावण संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, सोयाबीन आणि मधूनच उंच मका. एवढ्या हिरव्यात माझा शंभरावा, तो वीतभर रंगीत तित्तर शोधायचा होता.

गावाबाहेर एक बाई कपाशीत खुरपत होत्या. माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून उठल्या.

"मोजणीला आले का?"

"नाही हो. तित्तर बघायला."

"बघायला?" त्या हसल्या. "रोज वरडून राह्यलंय त्या मक्याच्या अंगाला. पर दिसत बिलकुल न्हाई. आन् त्या पल्याडच्या कपाशीत शिरू नका, आत्ताच फवारणी झाली."

मी मक्याच्या कडेला, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसलो. खिशातून छोटा स्पीकर काढून तित्तराचा आवाज लावला. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं वाटून खरा तित्तर उत्तर देतो आणि चिडून बाहेर येतो. आमच्यातले सोवळे लोक या युक्तीला नाक मुरडतात आणि गुपचूप वापरतात.

चिक्-चीक्-किर्रे! मक्याच्या पलीकडून लगेच उत्तर आलं. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा उत्तर, आणि या वेळी जवळून. मी चिखलात पोटावर पडून सरकू लागलो. तोही सरकत होता. अर्धा तास आम्ही एकमेकांना बोलावत होतो. शेवटी मक्याची ताटं बाजूला करून डोकं बाहेर काढलं, तर समोर चिखलाने माखलेले एक म्हातारे गृहस्थ, पोटावर पडलेले, हातात स्पीकर.

"हात्तिच्या!" ते म्हणाले. "सांगली का?"

"लातूर?" मी विचारलं.

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत माझ्यासोबत कोणी इतकं हसलं नव्हतं. धुऱ्यावर समोरासमोर बसून आम्ही भाकरीची पुडकी सोडली. त्यांनी शेंगाची चटणी मला दिली, मी ठेचा त्यांना दिला.

"घरचे काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं.

हे मला कोणी विचारत नाही. मी सुरू झालो. आईचं सांगितलं, तिच्या शेवटच्या आजारपणाचं सांगितलं. मास्तरांचा हात घासासकट मध्येच थांबला. ते डोळे न हलवता ऐकत होते. मग हळूच उठले.

"तुमचा एक फोटो काढतो. भेटलो त्याची आठवण. लेन्स मोठी हाय, जरा मागं जातो."

ते एकेक पाऊल मागे गेले.

"हलू नका बरं. बोलत राहा."

मला भरून आलं. मी बोलत राहिलो. शेवटच्या दिवसांत आई खिडकीकडे बघत कोकिळेचं विचारायची, तेही सांगितलं. त्यांनी बरेच फोटो काढले. मग घाईने सामान आवरलं, "लातूरची गाडी जाईल," म्हणाले आणि निघाले. मी संध्याकाळपर्यंत बसलो. तित्तर काही दिसला नाही, पण त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. वाटलं, जालन्यात शंभरावा नाही तर नाही, एक माणूस तर मिळाला.

परतीच्या गाडीत मोबाइल वाजायला लागला. गटात मास्तरांचं नाव वर गेलं होतं. खाली फोटो होता. धुऱ्यावर उभा रंगीत तित्तर, अंगावरचा ठिपका न् ठिपका स्पष्ट. धुऱ्यावरचं ते गवत मी ओळखलं. त्या बाजूला माझी पाठ होती.

अभिनंदनांचा पाऊस पडत होता. एकाने विचारलं होतं, "मास्तर, कोपऱ्यात ते धूसर काय आहे?"

मास्तरांनी लिहिलं होतं, "काही नाही. मधे आलंय काहीतरी."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही तित्तरच टिपला असता, हे मला ठाऊक आहे. शंभर हुकले याचंही आता काही वाटत नाही. पण आईचं ते सगळं मी कोणाला सांगितलं, याचं वाटतं.

घरी आल्यावर फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा आहे, तोंड उघडं, बोलता बोलता हसू आलेलं. गेल्या कित्येक वर्षांत माझा दुसरा फोटो कोणी काढलेला नाही, म्हणून तो मी ठेवून दिला आहे.