वडगावच्या भरमानं घेतलेलं देवीचं सोंग

वडगावात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणणारे कितीतरी होते, पण ज्याच्या दारापाशी रस्त्यानं जाणारी माणसं थबकायची असा भरमा एकटाच. धोट्याच्या खटखटीवर तो गायचा. आवाज बारीक, बायकी, पण गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाणारा. अंगानं सडपातळ, केस खांद्यापर्यंत, मिशी नावालाच. त्याची बायको यल्लव्वा खणखणीत आवाजाची. ती म्हणायची, "देवानं वाटणी करताना आपली दोघांची नरडी अदलाबदल केली."

एकोणीसशे बावीस-तेवीसच्या सुमाराला निपाणीकडचे मारुतीराव मास्तर सुताच्या कामानं वडगावात आले आणि ते गाणं ऐकून दारातच उभे राहिले. मास्तर जलसा बांधत होते. एक ढोलकी, एक तुणतुणं, झांजा, दोन सोंगाडे, आणि देवाच्या नावावर पोट भरणाऱ्यांची टिंगल करणारा वग. त्या काळात असे जलसे गावोगाव फिरत. मास्तरांच्या वगाला देवी मिळत नव्हती. बायकी सोंग करायला माणसं तयार होती, पण देवीचं म्हटलं की मागं सरायची.

"तुला भ्या वाटतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"सोंगाला कसलं भ्या?" भरमा म्हणाला.

वग साधाच होता. गावदेवी गाभाऱ्यात उपाशी बसलेली. लोक नैवेद्याची ताटं आणतात, पुजारी ती आत नेतो आणि देवीच्या देखत स्वतःच चापतो. देवी कळवळून म्हणते, "अरं, मला बी एक घास दे की." पुजारी ढेकर देऊन सांगतो, "देवी जेवत नसते, देवी नुसती कोपत असते." त्यावर भरमा कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "उपाशी ठेवल्यावर कोपंल न्हाय तर काय करंल रं?" आणि गाणं उचलायचा:

ताट आलं माझ्या नावं, वाजत गाजत आलं,
वास तेवढा मला, बाकी कुणी गं खाल्लं?

लोक लोटपोट हसायचे. बाप्ये मांड्या थोपटायचे, बायका पदर तोंडात कोंबायच्या. पुढं बसलेली वडीलधारी माणसं आधी मान वळवून बघायची, बाकीचे हसतात का, आणि मग हसायची. भरमा हे सगळं बघत असे. सोंग घेतलेल्या माणसाला समोरची तोंडं फार स्पष्ट दिसतात. दुसऱ्या हंगामात त्यानं मास्तरांना सांगितलं, "मास्तर, लोक हसत्यात खरं, पर हसून झालं की गुपचूप कानाला हात लावत्यात."

"जुनी सवय हाय. जाईल हळूहळू," मास्तर म्हणाले.

भरमाला ते पटलं नाही.

त्या साली चैत्रात नदीकाठच्या एका गावी त्यांचा जलसा ठरला. गावचे पाटील अप्पासाहेब सावध स्वभावाचे. दिवस मावळायच्या आत आवरायचं, या अटीवर त्यांनी परवानगी दिली. चावडीपुढं भर दुपारी माणूस मावत नव्हतं. बायकांच्या पुढच्याच ओळीत नागुबाई नावाची एक पन्नाशीची बाई बसली होती. तिचं हसणं सगळ्यांच्या वर. देवीची उपासमार बघून तिला राहवेना. ती तिथूनच ओरडली, "आमच्या घरला ये गं आई! ज्वारीची भाकरी घालते तुला!"

वगात असं कुणी बोललं की उत्तर द्यायचं, हा भरमाचा हातखंडा. तो वळला, हळदीनं माखलेला हात तिच्याकडं केला आणि म्हणाला, "येते की! आठ दिसांत येते बघ. एकटीच न्हाय, पोराबाळांसकट येते!"

सगळी चावडी हसली. नागुबाई तर हसता हसता शेजारणीच्या अंगावर पडली.

आठव्या दिवशी तिच्या सुनेला पटकी झाली. सकाळी जुलाब-वांती सुरू झाली आणि ऊन उतरायच्या आत ती गेली. तिच्या मागं तिचं तान्हं गेलं. मग ओळीनं घरं धरली.

तोवर जलसा संकेश्वरात पोचला होता. तिथं बाजाराच्या दिवशी भरमा देवी होऊन पुढं आला, तेव्हा कुणी शिट्टी मारली नाही. त्यानं पहिला विनोद टाकला, तो तसाच पडला. दुसरा टाकला. शेदोनशे माणसं डोळे न हलवता त्याच्याकडं बघत होती. ढोलकीवाल्याचा हात ढिला पडला. मग मागच्या बाजूनं एक बाई उठली, पुढं आली, हातातला नारळ भरमाच्या पायापाशी ठेवला आणि पाठ न दाखवता उलट्या पावलांनी मागं गेली. तिच्या मागून दुसरी. तिसरीनं कडुलिंबाचा डहाळा ठेवला. बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती.

मास्तर पुढं धावले. "अरं, रोग पाण्यातनं येतोय! नदीचं, विहिरीचं पाणी खळाखळा उकळा आनि मग प्या! ह्यो आमचा भरमा हाय, कोष्टी हाय!"

त्यांच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी जलसा मोडला आणि जो तो आपापल्या घरी गेला.

चार दिवसांनी निपाणीकडून येणाऱ्या मोटारीतून अप्पासाहेब आणि दोन माणसं वडगावात उतरली. यल्लव्वानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. अप्पासाहेब उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवे बसले. त्यांची नजर भरमाच्या पावलांवर होती.

"न्यायला आलोय," ते म्हणाले. "बोलावलं म्हणून आलीस. अकरा माणसं घेतलीस. आता गाड्यात बसून शिवंपार हो."

पटकी आली की देवीला गाड्यात बसवून गावच्या शिवेबाहेर सोडायची रीत होती, पण ते कुणाशी बोलतायत हे यल्लव्वाला क्षणभर कळलंच नाही. कळलं तशी ती उसळली. "पाटील, ह्यो माझा दादला हाय! बाप्या गडी हाय! देवी कुणाला म्हणताय?"

अप्पासाहेबांनी मान वर केली नाही. "आम्ही हात जोडून आलोय, बाई. आमच्या मागनं जे येतील ते हात जोडून येणार न्हाईत."

भरमा मागाच्या खड्ड्यातून वर आला. पोराबाळांसकट येते, हे शब्द आपल्याच तोंडातून गेले होते, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. पाण्यातून रोग येतो हे मास्तरांनी त्याला दहादा समजावलं होतं. तरी त्या तान्ह्या पोराचं ऐकल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. त्यानं डोईला पटका गुंडाळला.

निपाणीच्या स्टँडवर मास्तर भेटले. त्यांनी भरमाचा दंड धरून बाजूला नेलं. "जाऊ नगस. तू त्या गाड्यात बसलास की आपन दोन सालं गावोगाव जे सांगितलं ते सगळं पाण्यात गेलं."

"आनि न्हाई गेलो तर?"

 मास्तरांनी दंडावरचा हात काढून घेतला.

गावात शिरताना कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. दारोदार लिंबाचे डहाळे टांगलेले, चुली थंड. चावडीपुढं, त्याच जागी, नवा लाकडी गाडा उभा होता. भरमाला हिरवं लुगडं नेसवलं, हातात बांगड्या चढवल्या, कपाळ मळवटानं भरलं. हे सगळं बायकांनी केलं. एकीनंही त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. शेवटी ओटी भरायला नागुबाई आली. आठ-पंधरा दिवसांत बाई अर्धी झाली होती.

ती वाकली तसा भरमा कुजबुजला, "आक्का, मी भरमा. वडगावचा कोष्टी. त्या दिशी नुसतं सोंग हुतं गं."

"ठाऊक हाय मला," ती तांदूळ घालत म्हणाली.  "पर तू नुसता मानूसच असशील, तर माझी सून कशापायी मेली रं? आँ? बस गाड्यात."

हलगी वाजू लागली. गाडा गड्यांनीच ओढला. शिवेवरच्या दगडापाशी दांड्या टाकल्या आणि मागं वळून न बघता सगळं गाव परतलं, मागं बघायचं नाही अशी रीतच होती. हलगीचा आवाज लांब गेला, मग थांबला.

भरमा उतरायला गेला, तो समोरून एक धोंडा येऊन गाड्याच्या चाकावर फुटला. पलीकडच्या गावचे तीस-चाळीस गडी गोफणी घेऊन ओढ्यापलीकडं उभे होते. आपल्या शिवेत हा गाडा येऊ द्यायचा नाही म्हणून ते सकाळपासून तिथं होते.

"मी मानूस हाय!" भरमा ओरडला. "वडगावचा हाय! मला घरला जाऊ द्या!"

दुसरा धोंडा त्याच्या कानाजवळून गेला. मागं जायला वाट नव्हती, पुढं जायला नव्हती, आणि वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. बघता बघता गोफणी पुन्हा फिरू लागल्या. तेव्हा भरमा गाड्यात उभा राहिला. केस मोकळे सोडले, कमरेवर हात ठेवला, आणि वडगावच्या गल्लीत ज्या आवाजाला माणसं थबकायची त्या आवाजात म्हणाला, "कुणावर धोंडं टाकताय रं?"

गोफणी खाली आल्या.

"वाट सोडा! तुमच्या गावात माझं काम न्हाई. पर माझा हुकूम ऐकून ठेवा. उकळल्याबिगर पाण्याचा घोट घ्यायचा न्हाई. ताकाला न्हाई, पोराला न्हाई, पै-पावण्याला न्हाई. जो कच्चं पाणी पिईल त्याच्या घरला मी येईन!"

चाळीस गडी जमिनीवर आडवे झाले. भरमा त्यांच्यामधून चालत गेला. 

त्या पलीकडच्या गावात पटकीनं एकही माणूस गेलं नाही. हे कळल्यावर मास्तर वडगावात आले. मागाशेजारी बसले. "मी ओरडून सांगितलं तवा कुणी ऐकलं न्हाई," ते म्हणाले, "आनि तू सांगितलंस ते ऐकलं. मी आता काय करू, सांग."  मास्तरांनी पुन्हा जलसा उभा केला नाही, आणि वडगावातही ते परत आले नाहीत.

लोक मात्र यायला लागले. अनोळखी गावांहून, नारळ-लिंबू घेऊन. यल्लव्वा त्यांना हुसकायची. ते गल्लीच्या टोकाला जाऊन बसायचे. भरमानं गाणं बंद केलं, मिशी वाढवली. उपयोग झाला नाही.

पाच-सहा वर्षांनी चिकोडीच्या बाजूला पुन्हा पटकी आली, तेव्हा एका गावची माणसं दोन दिवस दारात उपाशी बसली. तिसऱ्या दिवशी भरमा निघाला, पण या वेळी धोतर-सदऱ्यात. चावडीवर उभं राहून त्यानं बाप्याच्या आवाजात सांगितलं की मी विणकर आहे, रोग पाण्याचा आहे, पाणी उकळा. लोकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एका म्हातारीनं घडी घातलेलं हिरवं लुगडं त्याच्यापुढं ठेवलं.

तो लुगडं नेसला. दारोदार फिरला, चुली पेटवायला लावल्या, आजाऱ्यांना स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. चौथ्या दिवशी त्यालाच वांती झाली. शिवेपर्यंत न्यायला कुणी हात लावेना. तिथंच एका लिंबाखाली त्यानं प्राण सोडला, आणि लोकांनी त्याला आहे तसं, लुगड्यासकट, तिथंच मातीआड केलं.

यल्लव्वाला निरोप महिन्यानं मिळाला. ती गेली तेव्हा लिंबाखाली शेंदूर फासलेला दगड होता आणि ओटी भरायला बायका ओळीनं उभ्या होत्या. तिच्या पुढची बाई वळून म्हणाली, "लांबनं आलासा?"

"वडगावास्नं."

"लई कडक हाय बगा आई. मनापासनं मागा."

 ऊन चढत होतं. ओळ पुढं सरकली, तशी तीही एक पाऊल पुढं सरकली.