केबल दिल्याची खूण

शोरूममध्ये सगळे त्याला मास्तर म्हणत. हाडाचा मेकॅनिक, पण नवी इलेक्ट्रिक गाडी ताब्यात देताना तो गिऱ्हाइकाचा जो तास घ्यायचा, त्यावरून हे नाव पडलं. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, डिकी उघडायची आणि चार्जिंगची केबल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "लावा. काढा. आता पुन्हा लावा." तीनदा नीट जमल्याशिवाय किल्ली नाही. भलेभले साहेबलोक त्याच्यापुढे निमूटपणे वाकून केबल लावून दाखवत, आणि घरी गेल्यावर त्यांना कधी अडत नसे.

मग एक दिवस मॅनेजरसाहेबांनी वरून आलेला आदेश वाचून दाखवला. यापुढे गाडीबरोबर केबल मिळणार नाही, हवी त्याने वेगळी घ्यावी. बऱ्याच लोकांकडे जुनी असते, उगाच कचरा वाढतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगायचं. सांगायचं राहिलं, तर केबल शोरूमने द्यायची.

मास्तरचं डोकंच फिरलं. "पहिलीच गाडी घेणाऱ्याकडे जुनी केबल कुठून येणार, साहेब? माहेरून आणणार का? ज्याच्याकडे आहे त्याला विचारा ना, नको असेल तर ठेवून घ्या. सगळ्यांच्याच हातातून कशाला काढता?"

"माझ्याशी वाद घालू नका, मास्तर. आता शिकवायला काही उरलं नाही, तेव्हा गाड्या झटपट द्या."

हे 'झटपट' त्याच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला एक नर्स आली. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमांची पट्टी घरोघर जाऊन बदलणारी बाई, आयुष्यातली पहिली गाडी. मास्तर धुमसतच होता. झटपट पाहिजे ना, घ्या झटपट! डिकी न उघडता त्याने फॉर्मवर वरपासून खालपर्यंत सटासट खुणा केल्या आणि तिची सही घेतली. फॉर्म जुनाच होता. 'केबल दिली' ही ओळही त्यात होती.

आठवड्याने ती बसने आली, ती तणतणतच.

"गाडी दारात उभी आहे! घरी चार्ज करायला गेले तर केबलच नाही. चौकातल्या चार्जिंगच्या खांबालाही म्हणे आपलीच केबल लावायची. दोन दिवस फोन करतेय, कुणी उचलत नाही. टेकडीपलीकडे माझे एक पेशंट आजोबा आहेत, तिकडे बस जात नाही. दोन दिवस त्यांची पट्टी तशीच आहे!"

साहेबांनी शांतपणे फाइल काढली. "केबल दिल्याची खूण आहे, सिस्टर. खाली तुमची सही. तुमच्याकडूनच कुठेतरी पडली असणार."

"मी खोटं बोलतेय?"

गाडीबरोबर केबल आलीच नव्हती हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं हेही. सांगायचं काम साहेबांचंच होतं, आणि आता तोंड वर करून त्या बाईला वेंधळी ठरवत होते. मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खूण त्याची होती. साहेबांपेक्षा जास्त राग त्याला स्वतःच्या त्या पेनाचा आला.

त्याने फाइल ओढून घेतली, खूण खोडली आणि लिहिलं, 'केबल दिलेली नाही. डिकी न बघता खूण मी केली.' खाली सही ठोकली.

"हे लिहिलंत तर उद्यापासून घरी बसा," साहेब म्हणाले.

"बसतो. पण नियमाप्रमाणे आधी केबल काढा."

कपाटात विकायला ठेवलेली केबल मास्तरने स्वतःच खांद्यावर घेतली आणि तिच्याबरोबर बसने तिच्या घरी गेला. तिने प्लग लावला. दिवा हिरवा झाला.

"तुमची नोकरी गेली, वाईट झालं," ती म्हणाली. "पण आजोबांची जखम चिघळली असेल, मास्तर. त्यांना काय दाखवू? तुम्ही खोडलेला कागद?"

तिला केबल काढून पुन्हा लावून दाखवायला सांगायची मास्तरची छाती झाली नाही.